जमीन विकून गाव श्रीमंत झाले, पुढे काय?
जावा बेटावरील सुमुरगेनेंग गावाची हकिकत

भिवंडीत एका निकाहच्या दावतीत आमच्या हातात एक रंगीत पत्रक पडले. "इंडोनेशियात जावा बेटावर, मुस्लिम वस्तीच्या शांत खेड्यात शेतजमीन. मशीद जवळ, पाणी भरपूर, भाव आपल्याकडच्या मानाने नाममात्र" असा त्यातला मजकूर. पत्रक वाटणारा गृहस्थ बोलण्यात तरबेज होता. जमीन तेथील एका माणसाच्या नावावर राहील, आपल्याबरोबर स्वतंत्र करार होईल आणि दहा वर्षांत रक्कम पाचपट होईल, असे त्याने आम्हाला समजावले. आमच्याच दस्तरखानवर बसलेल्या एका यंत्रमागवाल्याने आणि एका रंगाईवाल्याने तेथेच नावे लिहून दिली. खोटे कशाला सांगावे, घरी येऊन आम्हीही हिशोब मांडला. धाकट्या मुलाच्या धंद्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्यात घालावी, असा आमचा विचार जवळजवळ पक्का झाला होता.

व्यापाऱ्याने माल हातात घेऊन पाहिल्याशिवाय सौदा करू नये, ही वालिदसाहेबांची शिकवण. योगायोगाने कापडाच्या कामासाठी आमचे सुराबायाला जाणे होतेच. तेथील काम दोन दिवसांत उरकले आणि तिसऱ्या दिवशी आम्ही खेडे पाहायला निघालो. तेथे जे पाहिले आणि जाणकारांना विचारून जे समजले, ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुराबाया ते तुबान

सुराबाया हे पूर्व जावाचे मोठे बंदर. तेथील आंपेल मोहल्ल्यात सुनान आंपेल यांची मशीद आणि मजार आहे, आणि आजूबाजूला अरबी वंशाच्या व्यापाऱ्यांची कापडाची, अत्तराची, खजुराची दुकाने आहेत. त्यांच्यापैकी एकाशी आमचा कित्येक वर्षांचा व्यवहार. त्यांनीच आपली गाडी काढली आणि दुभाषाचे कामही केले.

समुद्रकिनाऱ्याने पश्चिमेकडे निघाले की आधी ग्रेसिक लागते. तेथे मौलाना मलिक इब्राहिम यांची कबर आहे. तिच्यावरील दगडावर हिजरी ८२२ म्हणजे इ. स. १४१९ हे साल कोरलेले आहे, आणि त्या दगडाची घडण आपल्या खंबायतच्या कबरींसारखी आहे. गुजरातचे कापड आणि गुजरातचा दगड एकाच वाऱ्याने येथवर आले, असे म्हणायला हरकत नाही. पाटणच्या पटोळ्याला जावात 'चिंदे' म्हणतात आणि राजेरजवाड्यांच्या घरी त्याला एके काळी फार मान होता.

सुराबायापासून सुमारे शंभर किलोमीटरवर तुबान. मजापाहित राज्याच्या काळातले हे नामांकित बंदर. १२९३ साली मंगोलांचे आरमार याच किनाऱ्यावर उतरले होते. आज तो एक शेतीप्रधान जिल्हा आहे. वस्ती साधारण बारा लाख, जमीन बरीचशी चुनखडीची. मका आणि भुईमूग भरपूर, पाण्याची सोय असेल तेथे भात, आणि जागोजाग ताडाची झाडे. जावा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवीगार भातखाचरे येतात. तुबानचा बराचसा भाग मात्र आपल्या मराठवाड्यासारखा पावसाच्या भरवशावर जगणारा आहे.

शेतकऱ्याच्या घरचा माग

तुबान जिल्ह्यात केरेक नावाचा तालुका आहे. कापडाच्या माणसाने तो पाहिलाच पाहिजे. तेथील शेतकऱ्यांच्या बायका घरच्या शेतातला कापूस घरीच कातत, घरच्या मागावर विणत, आणि त्यावर मेणाने नक्षी काढून नीळ व झाडांच्या सालीचा रंग चढवत. या कापडाला 'बातिक गेडोग' म्हणतात. गेडोग हे नाव मागाच्या 'डोग, डोग' अशा आवाजावरून पडले. माग कमरेला बांधून जमिनीवर बसून विणायचा. कातण्यापासून रंगापर्यंत सगळे हाताने केले तर एका कापडाला कित्येक महिने लागतात. पांढऱ्याबरोबर तपकिरी रंगाचा कापूसही तेथे पिकतो. त्या कापसाच्या कापडाला रंग द्यावा लागत नाही. कापसाला तेथे 'कापास' म्हणतात हे ऐकून आम्हाला मोठी गंमत वाटली.

आता कातणाऱ्या म्हाताऱ्या बायका कमी राहिल्या आहेत. गिरणीचे सूत आणि बाजारचा रंग स्वस्त पडतो. आमच्या पैठणी आणि हिमरूच्या कारागिरांचे जे दुखणे, तेच त्यांचे.

सुमुरगेनेंगचे नशीब

आमचे जाण्याचे ठिकाण मात्र किनाऱ्याजवळच्या जेनू तालुक्यातले सुमुरगेनेंग हे गाव होते. 'सुमुर' म्हणजे विहीर. २०२१ सालापूर्वी या गावाचे नाव जिल्ह्याबाहेर कोणी घेत नव्हते. मका पिकवावा, चार गुरे पाळावीत, सणाला नवी लुंगी घ्यावी, असे साधे गाव.

इंडोनेशियाची सरकारी तेल कंपनी पर्तामिना आणि रशियाची रोसनेफ्त यांनी मिळून तुबानच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण कारखाना काढायचे ठरवले. दिवसाला तीन लाख पिंपे तेल शुद्ध करण्याची योजना होती. त्यासाठी जेनू तालुक्यातील गावांची शेते लागणार होती. प्रारंभी गावकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे काढले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. परंतु सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा त्यांचा २०१२ चा कायदा असा आहे की, मालकाने रक्कम नाकारली तर ती न्यायालयात जमा करता येते आणि काम पुढे जाते. शेवटी बहुतेकांनी सह्या केल्या.

भाव मिळाला चौरस मीटरला सहा ते आठ लाख रुपिया. त्या वेळी आपला एक रुपया म्हणजे तेथील सुमारे १९० ते १९५ रुपिया. या हिशोबाने एकरी सव्वा ते पावणेदोन कोटी रुपये झाले. गावातील सुमारे ८४० कुटुंबांपैकी २२५ जणांनी जमिनी दिल्या, आणि सरासरी एकेकाच्या हाती आठ अब्ज रुपिया, म्हणजे आपले चार कोटींच्या आसपास आले, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका दिवशी सतरा नव्या मोटारी ट्रकवर लादून गावात आल्या. त्याची चित्रे देशभर फिरली. गावात एकूण १७६ नव्या मोटारी आल्याचे गावप्रमुखांनी सांगितले. ज्यांनी कधी गाडीचे चाक हातात धरले नव्हते, त्यांनीही गाड्या घेतल्या. लोक त्याला 'अब्जाधीशांचे गाव' म्हणू लागले. काहींनी दुसरीकडे जमिनी घेतल्या, पुष्कळांनी घरे बांधली. धंद्यात पैसा घालणारे मात्र थोडेच निघाले.

पुढे एक वर्षही धड झाले नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये याच सुमुरगेनेंग आणि आजूबाजूच्या गावांचे लोक प्रकल्पाच्या दारात निदर्शने करायला जमले. जमीन घेताना आमच्या मुलांना नोकऱ्या देऊ असे सांगितले होते, त्या नोकऱ्या कुठे आहेत, असा त्यांचा सवाल होता. जमीन दिल्याचा पश्चात्ताप होतो, रोजची कमाई उरली नाही, पोटासाठी गोठ्यातली गुरे विकावी लागली, असे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितले. त्याच २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले, रशियन कंपन्यांवर निर्बंध आले आणि हा कारखानाही रेंगाळत गेला. पीक गेले आणि पगारही आला नाही.

आम्ही काय पाहिले

आम्ही गेलो तेव्हा गावात नव्या घरांच्या दर्शनी भिंतींवर चकचकीत फरश्या होत्या. काही पडव्यांत मोटारी झाकून ठेवलेल्या होत्या. अस्रची नमाज गावातल्या लहान मशिदीत अदा केली. नमाजनंतर लोक भोवती बसले, कॉफी आली. पासष्टीच्या एका गृहस्थांना आम्ही विचारले, "पाक, मोटार का घेतली?" (तेथे वडीलधाऱ्याला 'पाक' म्हणून हाक मारतात.) ते हसून म्हणाले, "सगळ्यांनी घेतली. घेतली नसती तर शेजारी म्हणाले असते, याला पैसा पचला नाही." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "पूर्वी सकाळी उठलो की कुठे जायचे ते पायांना ठाऊक होते."

दुसरा एक मनुष्य बाजूला बसला होता, तो काही बोलत नव्हता. आमच्या स्नेह्यांनी विचारले तेव्हा कळले की त्याची स्वतःची जमीन कधीच नव्हती. तो दुसऱ्याचे शेत 'मारो'ने करी, म्हणजे आपल्याकडची अर्धेली. मालकाला अब्जावधी मिळाले, याची अर्धेली मात्र त्या दिवशीच संपली. गावातील मोठ्या घरांचा हिशोब वृत्तपत्रांनी छापला. या माणसाचा हिशोब कोणी छापला नाही.

हे ऐकताना आमच्या मनात आमचेच घर आले. नाशिक महामार्गालगतची आमची पावणेदोन एकर जमीन वालिदसाहेबांनी गोदामांसाठी विकली तेव्हा आम्ही विशीत होतो. त्या पैशातून एक इमारत चढली, दोन निकाह थाटात झाले, एक जीप आली. सहा वर्षांत हाती फक्त इमारत उरली, आणि तीही चार भावांत वाटली गेली. आज त्याच गोदामांत आमचे कापड ठेवायला आम्ही भाडे भरतो.

'हक मिलिक' म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्यासारख्या परदेशी माणसाला अशा खेड्यात जमीन घेता येते काय?

त्यांच्या कायद्याची भाषा ऐकून उर्दू मदरशात शिकलेल्या माणसाला घरच्यासारखे वाटते. मालकीला ते 'हक मिलिक' म्हणतात, देणगीला 'हिबा', वारशाला 'वारिस', धर्मादायाला 'वकाफ'. जमिनीचा मूळ कायदा १९६० सालचा आहे. त्यातील मुख्य गोष्टी अशा:

१) हक मिलिक, म्हणजे पूर्ण व कायमची मालकी, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणूस मुसलमान असो वा कोणीही असो, त्याला ती मिळत नाही. वारशाने मिळाली तरी एका वर्षात दुसऱ्याला द्यावी लागते, नाहीतर हक्क जातो.

२) दुसऱ्याच्या नावावर जमीन घेऊन मागल्या दाराने परदेशी माणसाला मालक करणारा व्यवहार कायद्याने रद्दबातल आहे. जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. पत्रकवाल्या गृहस्थाची सगळी योजना याच एका कलमात बुडते.

३) परदेशी माणसाला राहण्याच्या घरासाठी 'हक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क मिळू शकतो. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याची मुदत तीस वर्षे, वाढ वीस वर्षे आणि नूतनीकरण तीस वर्षे. त्यासाठी तेथील रीतसर परवाने लागतात, आणि घराची किमान किंमत प्रांतवार ठरवलेली आहे. हे शहरातल्या चांगल्या घरासाठी ठीक. मक्याच्या शेतासाठी नाही.

४) कंपनी काढून 'हक गुना बांगुनान' म्हणजे इमारतीचा हक्क किंवा 'हक गुना उसाहा' म्हणजे मोठ्या लागवडीचा हक्क घेता येतो. परंतु परदेशी कंपनीची गुंतवणूक जमीन व इमारत सोडून दहा अब्ज रुपियांपेक्षा जास्त असावी लागते. आपल्या लहान व्यापाऱ्याचे ते काम नव्हे.

५) शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा असावा, असा त्यांचा १९६१ पासूनचा दंडक आहे. म्हणजे सुराबायाच्या शेठजीलाही कायद्याने लांबच्या खेड्यात शेत घेऊन ठेवता येत नाही. शिवाय भातशेती टिकावी म्हणून २००९ चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे राखीव खाचरांवर बंगले बांधायला बंदी आहे.

कागदाची गोष्ट

आपल्याकडे सातबारा म्हणजेच मालकी असे अनेक भाबडे लोक समजतात. तेथेही तसेच आहे. गावाच्या वहीतील करनोंदीला 'गिरिक' किंवा 'लेटर सी' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिच्या आधारावर जमिनी विकत आले. वास्तविक ती कर भरल्याची खूण. खरा कागद म्हणजे सरकारी भूमी खात्याचे 'सर्तिफिकात', आणि खरेदीखत करायचे ते जमीन खतांच्या अधिकृत नोटरीपुढे. जुन्या कागदांची नोंदणी करून घेण्यासाठी २०२१ च्या नियमाने पाच वर्षांची मुदत दिली होती. खरेदीदाराला पाच टक्क्यांपर्यंत आणि विकणाऱ्याला अडीच टक्के कर पडतो. आमच्या हातातील पत्रकात ज्या कागदाचे चित्र छापले होते तो 'गिरिक' होता, हे आमच्या स्नेह्यांनी एका नजरेत ओळखले.

खेड्यात आणखी एक प्रकार असतो, 'बेंगकोक' जमीन. ही गावप्रमुख व गावकामगारांना पगारापोटी कसायला दिलेली. आपल्या जुन्या पाटील-कुलकर्णी वतनासारखीच. पद गेले की जमीन गेली. एखाद्या गावप्रमुखाने अशी जमीन आपली म्हणून दाखवली तर फसायला वेळ लागत नाही.

मग तेथे करण्यासारखे काय आहे?

गावात राहणे गोड आहे, यात शंका नाही. माणसे मऊ बोलतात, पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत, कोणाचे घर बांधायचे असले की सगळा मोहल्ला हात लावतो. २०१५ पासून सरकार प्रत्येक गावाला थेट निधी देते, त्यातून रस्ते झाले आहेत. बाजार आपल्यासारखा सात दिवसांनी येत नाही. जावाचा जुना बाजारआठवडा पाच दिवसांचा आहे: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. गावोगाव वार ठरलेला. फिरत्या कापडवाल्याला हे गणित पाठ असावे लागते.

आपल्या बांधवांना त्या भागात काही करायचेच असेल तर ते कापडात करावे. केरेकचा गेडोग, लामोंगान आणि ग्रेसिककडच्या हातमागावरील सारुंग, हा माल पाहून, नमुने घेऊन, रोख देऊन आणता येतो. आपल्याकडचे सूत आणि कापड त्यांच्या बाजारात कसे बसेल याचा अभ्यास करता येतो. यात नफा कमी वाटेल, परंतु माल आपल्या हातात असतो आणि पावती आपल्या नावावर असते.

भिवंडीत परतल्यावर आम्ही त्या यंत्रमागवाल्या बांधवाकडे गेलो आणि सगळी हकिकत सांगितली. त्याने बयाण्याची पन्नास हजारांची रक्कम आधीच दिलेली होती. ती अजून परत आलेली नाही. रंगाईवाल्याने मात्र आपला हात वेळेवर आवरला. आमच्या मुलाची रक्कम त्याच्याच नावावर सुरक्षित आहे.

ज्यांच्याकडे महामार्गालगत, बंदरालगत, विमानतळालगत वाडवडिलांची जमीन आहे आणि जे आज-उद्या विकण्याच्या विचारात आहेत, त्यांनी सुमुरगेनेंगची आठवण ठेवावी. विकणे भाग पडले तर सही करण्याआधी घरात बसून ठरवावे की, यातल्या किती रुपयांतून दुसरी जमीन किंवा गाळा घ्यायचा, किती धंद्यात घालायचे, जकात किती, बहिणींचा हिस्सा किती आणि अर्धेलीने कसणाऱ्याला काय द्यायचे. हे सगळे कागदावर लिहून झाले आणि त्यानंतर काही उरले, तर मोटारीचा विचार करावा.